दोघांची आई

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, "त्या दोघा भावांत गादीला लायक कोण होता?" उत्तर शोधायला प्लुटार्कने लिहिलेलं आर्टाझर्क्सिसचं चरित्र पुन्हा काढलं. उत्तर काही मिळालं नाही. पण त्यांची आई डोळ्यांपुढून हलेना, म्हणून हे पत्र.

इराणचा सम्राट दुसरा दारियस इ.स.पू. 404 मध्ये गेला आणि थोरला आर्टाझर्क्सिस गादीवर आला. आई पॅरिसाटिसचा जीव मात्र धाकट्या सायरसवर. थोरला जन्मला तेव्हा बाप राजा नव्हता, सायरस मात्र राजाच्या पोटी जन्मला, हा तिचा आधार. पूर्वीच्या सम्राट झर्क्सिसला याच न्यायाने गादी मिळाली होती.

राज्याभिषेक पासारगादेला होता. नव्या राजाने आपली वस्त्रं उतरवून थोरल्या सायरसची, म्हणजे साम्राज्याच्या संस्थापकाची, वस्त्रं ल्यायची, अंजिराची वडी खायची आणि आंबट दूध प्यायचं, असा विधी. राजा वस्त्रं उतरवील तेव्हा धाकटा त्याच्यावर झडप घालणार, अशी खबर टिसाफर्नीस या सुभेदाराने दिली. सायरसचा जीव जाणार होता. तेव्हा आईने त्याला कवेत घेतलं, आपले मोकळे केस त्याच्याभोवती गुंडाळले आणि त्याची मान आपल्या मानेला घट्ट लावून धरली. त्याच्या मानेवर घाव घालायचा तर तो तिच्याही मानेवर पडला असता. थोरल्याने माफ केलं, धाकट्याला पुन्हा समुद्राकडच्या सुभ्यावर धाडलं.

मी तिथेच पुस्तक मिटलं, ताई. ज्याच्याकडे ती रडून पदर पसरत होती, तोही तिचाच मुलगा होता ना?

इ.स.पू. 401 मध्ये सायरस दहा हजारांवर भाडोत्री ग्रीक शिपाई घेऊन सार्डिसहून निघाला. पिसिडियाच्या लोकांवर स्वारी, असं सांगून! बॅबिलोनजवळ कुनाक्साला दोघे भाऊ समोरासमोर आले. सायरसने थोरल्याच्या छातीत भाला मारला. ती जखम आपण बांधली, असं राजाचा ग्रीक वैद्य क्टेसियस लिहून गेला आहे. सायरसच्या फौजेत ग्रीक लेखक झेनोफन होता; तो सायरसचे गुण गाताना थकत नाही. सायरस त्याच रणात पडला. त्याचं डोकं आणि उजवा हात तोडला गेला. त्या दिवशी जखमी राजाला इतकी तहान लागली, की एका गरिबाच्या पखालीतलं घाण पाणी तो घटाघटा प्यायला आणि म्हणाला, इतकं गोड काही मी कधी प्यायलोच नव्हतो. मला तो राजा खरा वाटला तो या एका घोटात.

पुढचं वाचवत नाही. सून स्टटायरा सासूला तोंडावर म्हणाली, त्याला वाचवून तुम्हीच हे युद्ध आमच्या घरात आणलंत. पॅरिसाटिसने ते मनात धरलं. सायरसचं शिर कापणारा खोजा मासाबाटीस तिला हवा होता. ती राजाशी फासे खेळायला बसली. आधी मुद्दाम हजार सोन्याची नाणी हरली, मग पणाला खोजा लावून जिंकली, आणि राजाला सुगावा लागायच्या आत त्याची जिवंतपणी कातडी सोलवली. स्टटायराचा नंबर नंतर आला. क्टेसियस सांगतो, सुरीच्या एकाच बाजूला विष लावून सासूने एक पक्षी दोघींसाठी कापला. स्वतःचा निर्धोक अर्धा ती समोर बसून खात होती.

राजाने आईला बॅबिलोनला पाठवलं. तू जिवंत असेतो मी त्या शहराचं तोंड पाहणार नाही, एवढंच म्हणाला.

आणि पुढे स्वतःच तिला परत बोलावलं! तिची बुद्धी राणीला शोभणारी होती म्हणून, असं प्लुटार्क म्हणतो. मला ते पटत नाही. पासारगादेला दुसऱ्याला मिळालेली ती मिठी त्याच्या मनातून गेली नसावी, असंच मला वाटतं. तू दोन मुलांची आई आहेस, तुला जास्त कळेल. सवडीने लिही.

तुझा,
धाकटा