ताण आणि ढील

मासा धरायचा असला म्हणजे गळ 'टाकतात' आणि माणसाला धरून ठेवायचे असले म्हणजे गळ 'घालतात'. या दोन क्रियापदांचे नाते काय, हे कोशकारांनी ठरवावे. आम्हाला मात्र दोन्ही गळांचा अनुभव एकाच आठवड्यात आला, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

आमचे चिरंजीव अमेरिकेतील मिशिगन राज्यात, मस्कीगन या तळ्याकाठच्या गावी असतात. सौ. गेल्यानंतर निरगुडसरच्या घरात आम्ही एकटेच उरलो, तेव्हापासून "बाबा, आता कायमचे इकडेच या" अशी गळ त्यांनी घातली होती. होकार देववेना, नकारही देववेना. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला आणि उन्हाळ्याचे दोन महिने तिकडे गेलो. गेल्या-गेल्या चिरंजीवांनी जाहीर केले की त्यांनी तळ्यावर मासेमारी आरंभली आहे, आणि काठ्या व दोरा निवडायला आम्ही सोबत यावे. "तुम्ही अण्णांचे मुलगे आहात, तुम्हाला कळणारच," हे त्यांचे प्रमाण.

अण्णा म्हणजे आमचे वडील. घोड नदीचे पाणी उन्हाळ्यात आटून डोहापुरते राहिले की ते गळ घेऊन निघत. सरंजाम तो काय? एक लवचीक बांबूची काठी, तंगुसाचा दोरा, शिशाचा तुकडा, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि डबीत ओल्या मातीसह गांडुळे. मरळ लागे, शिंगटा लागे, क्वचित वाम. एकदा मोठा मासा दोरा तोडून गेला तेव्हा आम्ही दोऱ्याला नावे ठेवली. अण्णा म्हणाले, "दोरा तुटला तर दोष दोऱ्याचा नसतो, काठीचा असतो. वाकायचं काम तिचं." तेव्हा ते वाक्य आम्ही म्हाताऱ्या माणसाची सबब म्हणून सोडून दिले होते.

मिशिगन तळ्याला तळे म्हणणे हा भाषेचा विनय आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर; काठावर उभे राहिले तर पैलतीर दिसत नाही. त्यातला सामन मासा मूळचा तिथला नव्हे. १९६६ साली मिशिगन राज्याने पॅसिफिककडील कोहो सामनाची पिले इथल्या पाण्यात सोडली आणि १९६७ साली चिनूक सामनाची. समुद्राकडून तळ्यात शिरून बेसुमार वाढलेल्या एल्वाइफ नावाच्या लहान माशाला आवर घालणे, हाही त्यातला एक हेतू. हे ऐकताना आम्हाला आमचे डिंभे धरण आठवले. तिथल्या पाण्याखाली जुने आंबेगाव आहे, आणि धरणांच्या जलाशयांत सोडतात ते कटला-रोहू मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. कोण कुठला, आणि कुठल्या पाण्यात वाढतो! असो.

उन्हाळ्यात वरचे पाणी तापते आणि सामन खालच्या थंड थरात उतरतो. त्याच्यापर्यंत आमिष पोहोचवण्यासाठी इथले लोक 'डायव्हिंग प्लॅनर' वापरतात. ही ताटलीसारखी प्लॅस्टिकची तबकडी असते. नाव संथ गतीने पुढे जाते, मागे दोरा सोडलेला असतो, आणि पाण्याच्या दाबाने ही तबकडी तिरकी होऊन खाली जाते. तळाचे वजन फिरवले तर खाली जाता-जाता डावीकडे किंवा उजवीकडेही सरकते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना सोपे करून सांगायचे तर हा पाण्यात उलटा उडणारा पतंग होय. तबकडीच्या मागे सहा-आठ फुटांवर आमिष असते. मासा लागला की तबकडीची चाप सुटते, ती आडवी पडते आणि तिची ओढ कमी होते. मासा नसताना आमिष तपासायचे असेल, तर काठीला झटका देऊन ती चाप आपणच सोडवावी लागते.

सगळा प्रश्न या झटक्याचा आहे. दुकानात तीन तऱ्हांचे दोरे होते. पहिला आपल्या ओळखीचा, एकेरी नायलॉनचा, म्हणजे तंगूसच. तो स्वस्त आणि सोशिक असतो. पण तो ताणतो. दीडदोनशे फूट दोरा बाहेर असला की आपला झटका वाटेतच जिरतो आणि चाप काही सुटत नाही. दुसरा विणलेला दोरा. तितक्याच बळाला तो कितीतरी बारीक असतो, म्हणून पाणी कापत खोल जातो. तो जवळजवळ ताणतच नाही आणि टोकाची बारीकशी थरथरही हातापर्यंत आणतो. तिसरी तार. ती आणखी खोल नेते, पण काठीच्या साध्या कड्या कापते आणि गुंता झाला तर सुटत नाही. चिरंजीवांनी विणलेला दोरा घेतला; त्याबरोबर आखूड, ताठ काठी घेतली. तबकडीची ओढ मोठी, तेव्हा काठी दणकट हवी, हा त्यांचा हिशेब. आम्ही गप्प राहिलो. परक्या पाण्यात आपले शहाणपण किती चालते, याची शंका होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे लागले आणि दोन्ही गेले. दोरा तुटला नाही. गळच माशाच्या तोंडातून फाटून निघाला. दोरा ताणत नव्हता, काठी वाकत नव्हती, चाकाची पकडही घट्ट होती. तेव्हा माशाचा प्रत्येक हिसका सरळ त्याच्या ओठावर पडला. चिरंजीव चिडून म्हणाले, "दोराच बदलू." आम्हाला अण्णांचा आवाज ऐकू आला आणि आम्ही तो तसाच पुढे पोहोचवला: "दोरा राहू दे, काठी बदल."

त्याच दुपारी साडेनऊ फुटांची काठी आणली, बुडाशी बळकट आणि टोकाशी नरम. तबकडी आणि आमिष यांच्यामध्ये झटका पिणारी रबरी नळी बसवली. चाकाची पकड इतकी सैल केली की तबकडीची ओढ जेमतेम पेलावी आणि माशाने जोर केला की दोरा सुटत जावा. दोऱ्याने सांगावे, काठीने सोसावे, चाकाने ढील द्यावी, अशी कामांची वाटणी झाली. तिसऱ्या दिवशी चिनूक लागला. काठी धनुष्यासारखी वाकली, चाक किरकिरत राहिले, आणि बऱ्याच वेळाने मासा जाळीत आला.

परतताना नावेचे यंत्र मंद ठेवून चिरंजीवांनी पुन्हा तोच विषय काढला. आम्ही म्हणालो, "आपल्यातला दोरा ताणत नाही रे. तू तिकडे खोकलास तर निरगुडसरला ऐकू येते. म्हणून तर तुझा हिसका लागतो." ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी काठी बदलू?" आम्ही म्हणालो, "दोघांनीही." हे म्हणताना आमच्या लक्षात आले की 'इथेच बरा' हे आमचे ठेवणीतले उत्तरही चांगलेच ताठ होते, त्याने त्यांच्या ओठाला किती वेळा फाडले असेल, हे आम्ही कधी पाहिले नव्हते.

आम्ही निरगुडसरला परतलो. अण्णांची बांबूची काठी माळ्यावर वाळवीने खाल्लेली सापडली. तिचा टोकाकडचा हातभर तुकडा तेवढा धड होता, तो पुसून कपाटात ठेवला आहे. दर रविवारी फोन येतो. सामन कुठल्या थरात आहे, दोरा किती फूट सोडला, हे चिरंजीव सांगतात. घोडेला पाणी किती आले, हे आम्ही सांगतो. कायमचे या, असे ते या वर्षी एकदाही म्हणाले नाहीत.

जूनचे तिकीट आम्ही काल काढले. परतीची तारीख अजून घातलेली नाही.