कलोडनचा न्यायाधीश आणि कादंबरीतील एक रिकामी जागा

एडिंबरोच्या पार्लमेंट हाउसमधील भव्य दालनात रूबिलियाक या शिल्पकाराने १७५२ मध्ये घडविलेला एक संगमरवरी पुतळा आहे. न्यायाधीशाच्या झग्यातील ही व्यक्ती आसनस्थ असून तिचा एक हात पुढे आलेला आहे. समोरचा गलबला शमवावा, कुणाला तरी थांबवावे, अशी ती मुद्रा आहे. हा डंकन फोर्ब्झ, कलोडनचा जमीनदार, १७३७ पासून मृत्यूपर्यंत स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा, म्हणजे कोर्ट ऑफ सेशनचा, अध्यक्ष. याच न्यायालयात १८०६ पासून दोन तपांहून अधिक काळ सर वॉल्टर स्कॉट कारकुनाच्या पदावर होता. म्हणजे १७४५ च्या बंडाची कादंबरी लिहिणारा लेखक, ते बंड रोखण्यासाठी ज्याने सर्वांत अधिक खटपट केली त्याच्या पुतळ्यावरून वर्षानुवर्षे ये-जा करीत होता. आणि तरीही ‘वेव्हर्ली’त (१८१४) फोर्ब्झ पात्र म्हणून वावरत नाही. प्रस्तुत टिपणाचा विषय ही अनुपस्थिती आहे. तो माझ्याकडे कसा आला हेही सांगावे लागेल, कारण तो निव्वळ अभ्यासातून आलेला नाही.

मराठी ऐतिहासिक कादंबरीवर प्रबंध लिहीत असताना स्कॉट वाचणे मला भागच होते. हरिभाऊ आपट्यांवरील त्याच्या प्रभावाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. लुकाचने स्कॉटच्या नायकाविषयी मांडलेला सिद्धान्त तर आपल्या पदव्युत्तर वर्गांतून आता पाठच झालेला असतो : हा नायक मध्यम कुवतीचा, दोन्ही छावण्यांत ये-जा करणारा असतो आणि म्हणूनच त्याच्याद्वारे संघर्षाच्या दोन्ही बाजू वाचकाला दिसू शकतात. मीही तो सिद्धान्त प्रबंधात निष्ठेने उतरवला. पुढे १८१५ साली प्रसिद्ध झालेला ‘कलोडन पेपर्स’ हा फोर्ब्झ घराण्याच्या पत्रव्यवहाराचा जाडजूड ग्रंथ पाहण्यात आला आणि त्या सिद्धान्ताला कुठेतरी तडा गेल्यासारखे वाटले. स्कॉटने या ग्रंथावर १८१६ च्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त दीर्घ लेख लिहिला होता. तेव्हा त्याला हा मनुष्य ठाऊक नव्हता, असे म्हणण्याची सोय नाही.

फोर्ब्झचे चरित्र थोडक्यात असे. १६८५ चा जन्म. लायडनला कायद्याचे शिक्षण. १७१५ च्या बंडात तो आणि त्याचा थोरला भाऊ सरकारच्या बाजूने लढले. पण बंड मोडल्यावर कैद्यांना खटल्यासाठी सीमेपलीकडे, इंग्लंडातील कार्लाइलला नेण्यात आले, तेव्हा त्याने त्या कामात भाग घेण्यास नकार दिला. उलट त्यांच्या बचावासाठी वर्गणी गोळा केली. स्कॉटलंडातील गुन्ह्याचा न्याय स्कॉटलंडात, तिथल्या कायद्याने व्हावा, एवढेच त्याचे म्हणणे. १७३६ च्या पोर्टियस दंगलीनंतर सगळ्या एडिंबरो शहरालाच शिक्षा देऊ पाहणाऱ्या विधेयकालाही त्याने संसदेत विरोध केला, आणि तोही सरकारचा मुख्य विधी-अधिकारी असताना. (त्याच्या विक्षिप्तपणाचा एक नमुना नोंदवण्याचा मोह आवरत नाही. चहामुळे देशी बियरचा आणि तिच्यावरील कराचा नाश होतो म्हणून तो चहावर तुटून पडे. आणि त्याच्या घराण्याला मात्र फेरिंटॉशची व्हिस्की करमुक्त गाळण्याची सनद होती. तत्त्वनिष्ठ माणसेही सोयीची आंधळी असतात.)

ऑगस्ट १७४५ मध्ये राजपुत्र चार्ल्स एडवर्डने ग्लेनफिनन येथे निशाण उभारले. वृद्धत्वाकडे झुकलेला हा न्यायाधीश त्याआधीच आपल्या कलोडनच्या घरी पोहोचला होता. जवळ सैन्य नव्हते. वीस स्वतंत्र तुकड्यांसाठी सरकारने पाठवलेल्या कोऱ्या सनदा, स्वतःचा पैसा आणि पत्रे हीच त्याची शस्त्रे होती. स्कायचे मॅक्लाउड आणि स्लीटचे मॅक्डॉनल्ड हे सरदार बंडात उतरले नाहीत, याचे मोठे श्रेय त्याच्या पत्रांना जाते. या पत्रांतील भाषा नीट वाचण्याजोगी आहे. तीत मैत्रीची ऊब आणि परिणामांची धमकी एकाच वाक्यात नांदतात, आणि कुठली खरी हे सांगता येत नाही. मला वाटते, दोन्ही खऱ्या होत्या.

त्याचा शेजारी आणि जुना स्नेही सायमन फ्रेझर, लॉर्ड लव्हट, याच्याशी झालेला पत्रव्यवहार हा या ग्रंथाचा प्राण आहे. लव्हट आपल्या मुलाला कुळासह बंडात धाडतो आणि फोर्ब्झला लिहितो की, मुलगा हाताबाहेर गेला, मी म्हातारा आजारी काय करू? ऑक्टोबरमध्ये फ्रेझरांची टोळी फोर्ब्झच्या घरावर रात्री चालून जाते, तरी पत्रांतील सौजन्य तुटत नाही. लव्हट खोटे बोलतो हे फोर्ब्झला कळते, आणि त्याला कळले आहे हे लव्हटलाही. वाङ्मयीन दृष्ट्या पाहता लव्हट हा निःसंशय सरस लेखक आहे : त्याच्या असत्याला नाट्य आहे, करुणा आहे, विनोद आहे. फोर्ब्झचे सत्य वकिली आणि कोरडे. १७४७ साली लव्हटचे डोके कुऱ्हाडीखाली गेले आणि तो आख्यायिकेत शिरला. फोर्ब्झ त्याच वर्षीच्या डिसेंबरात अंथरुणावर वारला. सरकारसाठी केलेल्या खर्चाची बहुतांश भरपाईही त्याला मिळाली नाही.

१६ एप्रिल १७४६ ची लढाई तासाभराच्या आत संपली, आणि तीही त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या वेळी तो स्वतः तिथे नव्हता. फेब्रुवारीत इन्व्हर्नेस पडल्यावर त्याला उत्तरेकडे आणि पुढे स्कायला हटावे लागले होते. रणांगणावरील जखमींची कत्तल झाली. परतल्यावर त्याने देशाच्या कायद्याची आठवण करून दिली, तेव्हा विजयी सेनापती ड्यूक ऑफ कंबरलंडने माणुसकीच्या गोष्टी सांगणारी म्हातारी अशी त्याची संभावना केली, अशी आख्यायिका आहे. दयेची मागणी करणाऱ्याला बायकांत ढकलणे ही रीत काही एका देशाची नाही.

पण मला बोचते ते वेगळेच. १७४६ च्या कायद्याने हायलंडचा पोशाख निषिद्ध ठरवला, तो बंडखोर आणि एकनिष्ठ असा भेद न करता. फोर्ब्झच्या शब्दावर विश्वासून जे घरी राहिले त्यांचाही पोशाख गेला. फोर्ब्झने या अन्यायावर बोट ठेवले होते. ते कुणी ऐकले नाही. कायदा १७८२ पर्यंत टिकला.

काही वर्षांपूर्वी मी शिकवीत होते त्या संस्थेत विद्यार्थ्यांचे आंदोलन झाले, काचा फुटल्या, चौकशी समिती नेमली गेली. ‘मुलं तुमचं ऐकतात, मॅडम’ म्हणून मला तीत घेण्यात आले. परीक्षेवर परिणाम होणार नाही, असे आश्वासन मला तोंडी मिळाले आणि ते मी मुलांना दिले. त्यांनी येऊन आपापली नावे लिहून दिली. त्याच यादीवरून पाच जणांचे वर्ष गेले. माझे भिन्नमतपत्र फायलीत आहे. ते व्यवस्थित आणि मुद्देसूद आहे. त्यांतील एका मुलीने नंतर मला विचारले, ‘तुम्हाला खरंच माहीत नव्हतं का?’ मी ‘नव्हतं’ म्हणाले. ते खरे होते, पण पुरेसे नव्हते.

तेव्हापासून लुकाचचा ‘मध्यम नायक’ शिकवताना मी अडखळते. एडवर्ड वेव्हर्ली दोन छावण्यांमध्ये फिरू शकतो, कारण त्याच्या फिरण्याने काहीच ठरत नाही. त्याचा मित्र फर्गस कार्लाइलला फासावर जातो. त्याला माफी, पत्नी आणि जमीन मिळते. माफी मिळण्यासाठी आधी अपराधी असावे लागते. फोर्ब्झ मध्यभागी होता तो सत्तेसह, कोऱ्या सनदा हातात घेऊन. त्याच्यावर कुणी आरोपच ठेवला नाही, मग त्याला क्षमा कोण करणार? अशा मध्यस्थाला नायक केले तर त्याच्या सद्भावनेचा हिशेब मांडावा लागतो, आणि कादंबरीला हवा असलेला समेट तिथे अडतो. स्कॉटने मध्य राखला, पण त्यातून जबाबदारी वजा केली. आपल्या ‘उषःकाल’मध्येही स्वामिनिष्ठा आणि स्वराज्यनिष्ठा यांची ओढाताण बाप आणि मुलगा अशी दोन पिढ्यांत वाटून दिलेली आहे, दोन्ही निष्ठा एकाच माणसाच्या एकाच पत्रात कोंडण्याचे धाडस तिनेही केलेले नाही.

पुतळ्याचे छायाचित्र मी वर्गात दाखवते. पुढे केलेला तो हात कुणाकडे वळलेला आहे, असे विचारते. बहुतेक जण म्हणतात, बंडखोरांकडे. गेल्या वर्षी एक विद्यार्थी म्हणाला, त्याच्या पाठीमागे कोण उभं आहे ते या फोटोत दिसत नाही.