चार ओळींचं देणं

राहुल बारपुते यांना मी कधी भेटलो नाही. तरीही लिहायला कुणी शिकवलं असं विचारलं, की माझ्या तोंडी पहिलं नाव त्यांचंच येतं.

इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर. देवपूजेपासून भांडणापर्यंत सगळा कारभार मराठीत, पण वर्तमानपत्र हिंदी, ‘नई दुनिया’. १९४७ साली निघालेल्या या पत्राला बारपुत्यांसारख्या मराठी संपादकानं नाव मिळवून दिलं, याचा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फार अभिमान होता.

वाचकांची पत्रं हे त्या वर्तमानपत्राचं मोठं वैभव. शाळेत असताना, गल्लीतल्या नळाला पाणी येत नाही म्हणून मी एक पोस्टकार्ड टाकलं, कोपऱ्यापर्यंत गच्च भरलेलं. छापून आल्या चार ओळी. कच्चा मजकूर वहीत होता, तो शेजारी ठेवून ताडून पाहिला. ‘अत्यंत’, ‘घोर’, ‘नम्र निवेदन’ सगळं गळालं होतं. गल्ली कुठली, पाण्याची वेळ कोणती, किती घरं कोरडी, एवढंच उरलं होतं आणि तक्रारीला धार आली होती. कात्री एखाद्या उपसंपादकाची असेल, शिस्त बारपुत्यांची. राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी याच शिस्तीत घडले आणि पुढे दिल्लीत त्यांनी ‘नवभारत टाइम्स’ व ‘जनसत्ता’ गाजवले. मी आजही काही लिहिलं, की आधी विशेषणं खोडतो.

१९७५ मध्ये आणीबाणी लागली आणि अग्रलेखाची जागा कोरी आली. अण्णा तो कोरा चौकोन बराच वेळ बघत बसले. मग अंक माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “हे नीट वाच.”

देवासचे कुमार गंधर्व, चित्रकार विष्णू चिंचाळकर, नाट्यभारतीचे बाबा डिके हा बारपुत्यांचा गोतावळा. गाणं, चित्र, नाटक हे बातमीइतकंच गरजेचं आहे, हे आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांना त्यांच्यामुळे पटलं. माझ्या मते हे त्यांचं अग्रलेखांहूनही मोठं काम.

१९९६ मध्ये ते गेले. मध्य प्रदेश सरकार त्यांच्या नावानं आंचलिक पत्रकारितेचा पुरस्कार देतं. महाराष्ट्रातल्या मराठी वाचकाला मात्र त्यांचं नाव क्वचितच ठाऊक असतं. इंदूरच्या जुन्या घरांत, माळ्यावर त्या काळचे अंक अजून असतील. तुमच्याकडे असले तर रद्दीत घालू नका, एखाद्या ग्रंथालयाला द्या.