शिर्डीची हंडी आणि घरची आंबील

सूप म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? हॉटेलातलं लालभडक टोमॅटोचं सूप, हो ना? पण आपल्याकडेही एक सूप फार पूर्वीपासून आहे. त्याचं नाव आंबील. चला, तिच्यासाठी आज शिर्डीला जाऊ.

नगरहून मनमाडच्या रस्त्याने निघालं, की राहात्यानंतर शिर्डी लागते. अहमदनगर जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. त्याच जिल्ह्यातलं हे गाव. इथे द्वारकामाई नावाची जुनी मशीद आहे. १९१८ च्या दसऱ्याला देह ठेवीपर्यंत साईबाबा इथेच राहत. इथली धुनी आजही पेटती आहे.

पण बाबा उत्तम स्वयंपाक करत, हे ठाऊक आहे का? दाभोलकरांच्या ‘श्री साईसच्चरित’ या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात त्याचं वर्णन आहे. बाबा स्वतः बाजारात जात, रोख पैसे देऊन सामान आणत, मसाला स्वतः वाटत. मग मशिदीच्या अंगणात चूल पेटे. हंड्या दोन होत्या : लहान हंडीत ५० जणांचं अन्न शिजे, मोठीत १०० जणांचं. कधी गोड भात, कधी डाळ, तर कधी ज्वारीच्या पिठाची आंबील! आणि वाढताना अंध, अपंग, आजारी, भुकेले यांचा मान पहिला.

आता आपली आंबील. चौघांसाठी चार मोठे चमचे ज्वारीचं पीठ आणि चार वाट्या पाणी घ्या. त्यातल्या एका वाटी पाण्यात पीठ नीट कालवा. तीन वाट्या पाणी उकळलं, की कालवण हळूहळू ओता आणि सारखं ढवळा. चुलीजवळ आई-बाबांपैकी कुणीतरी हवंच बरं! मी पहिल्यांदा कोरडं पीठच उकळत्या पाण्यात टाकलं होतं. नुसत्या गुठळ्या! पाच-सात मिनिटं शिजवून खाली उतरवा. कोमट झाल्यावरच दोन वाट्या ताक घाला, नाहीतर ते फाटतं. मीठ, जिरेपूड, ठेचलेला लसूण, कोथिंबीर घातली की झालं. काही घरांत पीठ रात्रभर ताकात भिजवतात. तेव्हा ती छान आंबते. नावही त्यावरूनच पडलं.

जरा हिशेब करा. माणशी एक चमचा पीठ, एक वाटी पाणी, अर्धी वाटी ताक. मग ५० जणांना किती? ५० चमचे पीठ, ५० वाट्या पाणी, २५ वाट्या ताक! एवढं सगळं ढवळायला हात किती दुखत असतील!

या रविवारी आंबील कराल तेव्हा पाचव्या माणसाचंही माप घाला. दारात येणारे सफाईवाले काका, शेजारच्या आजारी आजी, कुणीही. आणि बरं का, पहिली वाटी त्यांना द्या. आपण मागून घ्यायची.