जमेची बाजू

चौथीपर्यंतच्या पुस्तकांत जग मोठे सुरेख असते. नदी झुळझुळ वाहते, पाखरू गाते, शेतकरीदादा हसतमुखाने नांगर धरतो. पाचवी ओलांडली की हेच जग एकाएकी अंथरूण धरते. नदी प्रदूषित होते, पाखरू दुर्मीळ होते आणि शेतकरीदादाचे काय होते, ते आमच्या विदर्भातल्या पोरांना पुस्तकातून सांगावे लागत नाही. सातवीत बर्फ वितळून समुद्र चढू लागतो. धड्याखाली 'कारणे द्या' पाच गुणांना, 'उपाय सुचवा' दोन गुणांना. आणि उपायाचे उत्तरही ठरलेले : जनजागृती करावी.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. बर्फाबद्दल मी काय बोलणार? पण ज्या खतावणीत नावेची बाजू काठोकाठ भरली आहे आणि जमेची कोरी आहे, ती खतावणी अपुरी लिहिली आहे, एवढे मला कळते.

या अपुऱ्या खतावणीचा फटका थेट आमच्या धंद्यालाच बसला. कन्येच्या वाढदिवसाला जमलेल्या पैशांचे पाच वर्षांचे रिकरिंग काढू म्हटले, तर ती शांतपणे म्हणाली, "कशाला बाबा? तोपर्यंत सगळं संपूनच जाणार आहे ना!" ठेव न ठेवण्याची कारणे मी काउंटरवर पुष्कळ ऐकली आहेत. लग्न, बियाणे, मेहुण्याचे दुकान. जगाचा अंत हे कारण पहिल्यांदाच ऐकले, तेही बारा वर्षांच्या खातेदाराकडून.

"अगं, नागपूरपासून समुद्र पाचशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे," मी म्हटले.

"आणि मुंबईची आत्या?"

मी गप्प. "काही होत नाही गं," असे सौभाग्यवतींनी सांगून पाहिले; पण बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना हे वाक्य कूलरलासुद्धा पटले नसते.

शेवटी मदतीला आला तो आईचा दंड. आई संत्री सोलत बसली होती. तिच्या दंडावरचे दोन वाटोळे व्रण दाखवून मी विचारले, "हे काय आहे, माहीत आहे?"

"देवी काढल्या होत्या माझ्या," आईच म्हणाली, "लई रडली होती मी."

मग मी सांगितले. १९७४ साली बिहारात देवीची भयंकर साथ होती. त्या वर्षी कोणी पुस्तक लिहिले असते तर धडा रडकाच झाला असता. पण माणसे देवीच्या रोग्याचे चित्र हातात घेऊन दारोदार हिंडली, रोग्याची खबर देणाऱ्याला बक्षीस लावले, रोगी सापडला की आजूबाजूच्या सगळ्यांना टोचले. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला आणि १९८० साली देवी जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. ज्या देवीपुढे नवस बोलले जायचे, ती कार्यकर्त्यांच्या पायपिटीने गेली.

"आणि ओझोनचं भोक?" कन्येने पुस्तकातले पुढचे संकट काढले.

तेही सांगितले. अंटार्क्टिकावरच्या त्या भोकाची बातमी १९८५ साली आली, १९८७ साली माँट्रियलला करार झाला, फ्रीजमधले ते वायू देशोदेशी बंद होत गेले. एरवी हद्दीच्या दगडावरून भांडणारे सगळे देश या एका कागदावर आहेत. भोक २०६६च्या सुमारास भरून येईल असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. तेव्हा ती आजच्या माझ्यापेक्षा म्हातारी असेल, हे ऐकून ती पोट धरून हसली. आपण म्हातारे होऊ शकतो ही कल्पनाच तिला नवीन असावी.

उकाड्याचा हिशेब मात्र अजून नावेच आहे, तो मी जमेत ओढला नाही. बँकेची सवय.

तिने शाळेच्या प्रकल्पात हेच लिहिले. बाईंनी लाल शाईने शेरा मारला : 'विषय समस्या हा होता.' दहापैकी सहा. कन्येला त्याचे काही वाटले नाही. नाराज झाली ती आई. पुठ्ठ्यावर तिच्या दंडाचे चित्र होते. "व्रण बरोबर काढलेत," ती म्हणाली, "पण दंड किती वाळका काढलाय बाप्पा! लोक म्हणतील, हिला घरी जेवायला देत नाहीत."