एरंगळची इगर्जी

वर्सोव्याच्या धक्क्यावरून तरीत बसून खाडी ओलांडली, मढच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या वलांड्यांचा उग्र दर्प मागे टाकला आणि उत्तरेकडची वाट धरली, की पुळणीला लागूनच, समुद्राकडे तोंड करून उभी असलेली एरंगळची पांढरी इगर्जी दृष्टीस पडते. १५७५ साली बांधलेली ही वास्तू, जुन्या गोव्यातील सुवर्णमंडित वेद्या पाहून आलेल्यास, प्रथमदर्शनी कंगालच वाटेल. परंतु ती ज्या फ्रान्सिस्कन संन्याशांची, त्यांचे व्रतच दारिद्र्याचे. त्या व्रताशी विसंगत असा एकही अलंकार मला आत आढळला नाही.

दारातील तीर्थजलाच्या पात्राला बोटे लावून एक वृद्ध कोळीण आत शिरली आणि मी उंबऱ्यावर घुटमळताना पाहून म्हणाली, “या की आत, देवाला कुणाचा विटाळ नाय.” आत लाकडी बाके, समोर वेदी, आणि भिंतींवर क्रूसयात्रेचे चौदा प्रसंग. मी मात्र खिडकीच्या खोबणीतच अधिक वेळ रमलो, कारण भिंतीची खरी जाडी तेथेच उमगते. खाऱ्या वाऱ्याने चुन्याला फोड आले होते. बोट लावताच पापुद्रा सुटून हातात आला.

ज्या संत बोनाव्हेंचरच्या नावे ही इगर्जी, तो इटलीत जन्मला, पॅरिसच्या विद्यापीठात शिकवीत असे आणि १२७४ साली ल्यों शहरी निवर्तला. पोपचे दूत कार्डिनलची तांबडी टोपी घेऊन आले तेव्हा हा भांडी घासत होता आणि ‘टोपी झाडाला अडकवा’ म्हणाला, अशी आख्यायिका आहे. ल्योंमधील त्याचे अवशेष १५६२ च्या धर्मयुद्धात जाळले गेले. तेरा वर्षांनी येथे साष्टीत त्याच्या नावाची वास्तू उठली. पुढे १७३९ साली मराठ्यांनी वर्सोव्याचा किल्ला घेतला, फिरंगी अंमल गेला, इगर्जी राहिली.

संताचा पंचांगातील सण जुलैच्या मध्यावर, ऐन पावसात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना येतो. एरंगळची जत्रा मात्र जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी भरते, आणि दर्यावर्दी लोकांच्या दृष्टीने हीच तिथी शहाणपणाची. तीत हिंदू कोळीही मेणबत्त्या घेऊन येतात. जत्रेला अवश्य जावे. पण वास्तू पाहायची असेल तर एखाद्या आडवारी, ओहोटीच्या वेळी जावे.