लिस्बनचे चढ

शनिवार, 8 जून
बॅग दोन तास उशिरा. कॉफी 1 युरो, पाणी 1.50, सूप-पाव 6. झोप.

रविवार, 9 जून
आज बायशात सपाट चाललो म्हणून खूश. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात हा भाग जमीनदोस्त झाला आणि तेव्हाचा मंत्री पोंबालने तो पट्टीने आखावा तसा सरळ पुन्हा बांधला. वर टेकाडावरचं कार्मोचं चर्च मात्र अजून बिनछपराचं. कमानींच्या वर थेट आभाळ. नकाशात ते अगदी शेजारी दिसतं, पण नकाशात चढ कुठे असतो? त्यात फुटपाथचे पांढरे दगड पावलांनी घासून गुळगुळीत झालेले. गुडघे गेले. कॉफी 1.10.

सोमवार, 10 जून
सुट्टी. कामोइंश हा कवी 1580 मध्ये आजच्या तारखेला गेला, तोच इथला राष्ट्रीय दिवस. हेवा वाटला. गृहस्थ गोव्यातही राहून गेलेला. 28 नंबरच्या ट्रामसाठी तासभर उभा राहिलो, मग पायीच ग्रासाची टेकडी चढलो. गुडघे.

मंगळवार, 11 जून
बेलें. मठाबाहेर रांग, ऊन. आत एकीकडे वास्को द गामाची कबर, दुसरीकडे कामोइंशची. वास्कोपाशी फोटोंची झुंबड. मी कवीपाशी थांबलो, तिथे सावलीही होती आणि बरोबर उभं राहायला कोणी नव्हतं. 1837 पासूनच्या दुकानातली कस्टर्डची पेस्ट्री, वर दालचिनी. तीन खाल्ल्या.

बुधवार, 12 जून
उद्या सांतु आंतोनियुचा सण, म्हणून आज रात्रभर आल्फामा जागं. हा संत पादुआचा म्हणून जगभर ओळखला जातो, पण जन्मला इथेच. गल्ल्या अशा वाकड्या की चार माणसं भेटली तरी वाहतूक बंद. त्यात दारोदारी शेगड्या, कोळशावर तारल्यांसारखी सार्दिन. डोळे चुरचुरले. पावाच्या जाड तुकड्यावर अख्खा मासा ठेवतात, त्याचं तेल पावात उतरतं. काटे ज्याचे त्याने बघावेत.

एका पायरीवर आजीबाई मांजेरिकूच्या कुंड्या विकत होत्या. आपल्या सब्ज्याच्याच कुळातलं हे झुडूप, पण पानं बारीक आणि आकार चेंडूसारखा गोल. वर कागदी फूल आणि चार ओळींचं पद्य खोचलेलं. प्रेमाच्या माणसाला द्यायची चाल आहे. मी नाक जवळ नेलं तर बाईंनी कपाळावर हात ठेवून मला मागे सारलं! मग स्वतःचा तळवा पानांवर फिरवून माझ्या नाकाशी धरला. थेट हुंगायचं नसतं, झाड कोमेजतं म्हणे. तळव्याला सार्दिनचाही वास होता. कुंडी घेतली. कोणाला देणार, ते विचारलं नाही, हे बरं केलं.

गुरुवार, 13 जून
पुन्हा सुट्टी, दुकानं बंद. कुंडी हॉटेलातल्या झाडूवाल्या बाईंना दिली. त्या लाजल्या, मी जास्त लाजलो. उद्या पोर्तूला सकाळची रेल्वे. तिथेही चढच आहेत म्हणतात.